बोटीवरचा बोंबील

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला तो शोधत बसायला नको. एका नोव्हेंबरात, सकाळचा चहा पिता पिता, मी एक बटण दाबून आमच्या दुकानातला संगणक गणपतीच्या आधीच्या दिवसांत नेऊन सोडला. तो आनंदाने गेला, आणि जाताना मधल्या सगळ्या दिवसांचं माझं काम घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्याने इंग्रजीत विचारलं होतं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पन्नाशी नुकती ओलांडली होती, चष्म्याला साखळी होती आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती. आता नातवंडं झाल्यावर त्यातली साखळी तेवढी उरलीय.

पण लिहायला बसले ते अंकलबद्दल. वयाने ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठे, पण आमच्या भाईंदरात पँटशर्टातल्या प्रत्येक वयस्क माणसाला अंकल म्हणतात, तसं मीही म्हणायचे. ते दुकानात शिरले की सरळ कोपऱ्यातल्या संगणकाच्या काळ्या पेटीकडे जायचे. तिच्या पाठीला जिथून गरम हवा येते तिथे तळहात टेकवायचे, लेकराचा ताप बघावा तसे. डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "हाय. जिती हाय." मग माझ्याकडे वळून, "काय बाय, तू बरी हायेस?"

पेटी आधी, मी नंतर. मला ते खटकायचं. शिवाय ते "तू"ही खटकायचं. मी गिरगावातून भाईंदरला आलेली. मला वाटायचं, अनोळखी बाईला अहोजाहो करावं हे यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. पुढे कळलं की उत्तनच्या, म्हणजे इथून जवळच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या, त्यांच्या बोलीत ते पाद्रीबाबांनासुद्धा वेळप्रसंगी "तू" म्हणतात, आणि देवाला तर कायमच.

माझं दुकान भाईंदर पश्चिमेला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. डीटीपीचं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, बारशाची कार्डं, असा मजकूर मराठीत टाइप करून, नीट मांडून छापखान्यात पाठवायचा. हे सगळं काम एका जुन्या संगणकावर चालायचं, कारण ज्या सॉफ्टवेअरवर मी मराठी टाइप करायला शिकले होते ते नव्या संगणकावर चालतच नव्हतं. बनवणारी कंपनीही बंद झालेली. आजवरचा सगळा मजकूर त्याच्याच अक्षरांत होता. दुसरीकडे उघडला तर पडद्यावर नुसत्या किडामुंग्या दिसायच्या. तेव्हा मी आणि तो संगणक एकमेकांना धरून म्हातारे होत होतो.

अंकल पहिल्यांदा आले ते नातीच्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या प्रसादविधीची, कार्डं करायला. कार्डांचं राहिलं बाजूला. त्यांनी मान तिरकी करून संगणकाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही मशीन मरते हाय."

मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"तसाच समज."

तरुणपणी ते जहाजावर होते. वायरलेसचं काम करायचे. मग जहाज कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर रूम सांभाळत निवृत्त झाले. नम्रपणा हा प्रकार त्यांच्यात औषधालाही नव्हता. शर्टाला कडक इस्त्री, मनगटावर परदेशी घड्याळ, अंगाला असं अत्तर की ते येऊन गेल्यावरही गिऱ्हाईक विचारायचं, कोण आलं होतं? दुसऱ्या कुणी जोडलेली वायर दिसली की ती काढून पुन्हा जोडायचे. त्यांच्या मते भाईंदरपासून चर्चगेटपर्यंत वायर जोडता येणारा माणूस एकच होता आणि तो उत्तनला राहत होता.

"मरायच्या आधी हिचा जीव काढून दुसरीत ठेवू," ते म्हणाले. मी हसले. पुढच्या आठवड्यात ते रिक्षातून एक काळी पेटी घेऊन हजर. काशीमीऱ्याच्या कुठल्याशा गोडाऊनमध्ये कुणी ऑफिसवाल्यांनी टाकून दिलेली. तिच्यात त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स घातलं, आणि त्यावर एक असं सॉफ्टवेअर, जे एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक तयार करतं. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, आपलं सगळं आपलं आहे.

"म्हणजे आमच्या इमारतीसारखं," मी माझी अक्कल दाखवली.

"न्हाय. बोटीसारखा. बोट एक, खाली मासली ठेवायला खन वेगले. एका खनातला बरफ संपला तरी दुसऱ्या खनाला त्याचा काय?"

आणि म्हणून त्यांनी पेटीचं नाव ठेवलं बोट, आणि आतल्या संगणकांना नावं दिली माशांची. माझा जुना संगणक, त्याच्या म्हाताऱ्या विंडोजसकट आणि मराठी सॉफ्टवेअरसकट, उचलून आत ठेवला, तो बोंबील. इमेल आणि इंटरनेटसाठी नवा, तो सुरमई. आणि सगळ्या कामाच्या प्रती जपून ठेवायला एक छोटासा, तो मांदेली.

नव्या पडद्यावरच्या एका चौकटीत माझा जुना संगणक जसाच्या तसा उघडला, तेव्हा मला भीतीच वाटली. गेलेल्या माणसाचा फोन यावा तशी. तोच निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात मीच ठेवलेला "नवीन फोल्डर नवीन". मी माउसला हात लावेना.

"घाबरतेस कशाला? मशीन खोटी हाय, बाय. काम खरा हाय." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की पुढे मीच गिऱ्हाइकांना ऐकवायला लागले, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघायला लागलं.

हे सगळं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हटल्यावर मी एकदा बोलून गेले, "फुकट म्हणजे कसं असेल कोण जाणे." अंकलचा चेहरा बदलला. "फुकट म्हनू नको. खुला हाय. कोनी पन उघडून बघावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. तुझ्या त्या बंद पडलेल्या कंपनीने असा उघडा ठेवला असता तर तू आज रडली असतीस?" मी म्हटलं, मी रडतेय कुठे? ते म्हणाले, "आत रडतेस. आवाज येतो."

आता शेजारी. आमच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचं दुकान, त्याचे मालक जैन शेठ. अख्खी इमारतच कांदासुद्धा न खाणाऱ्यांची. मी मासे खाणारी, पण तिथे ही गोष्ट मी अंगावरच्या तिळासारखी झाकून ठेवली होती. एका सकाळी बोटीत काहीतरी बिघडलं आणि मी अंकलना फोन लावला. रेंज नीट नाही, म्हणून दुकानाच्या पायरीवर उभी राहून ओरडत होते, "अंकल, बोंबील मेला. सुरमई जिवंत आहे पण हलत नाही. मांदेलीचं काय करू, मारू का?"

शेठ देवदर्शन करून येत होते. जागेवर थांबले. हात जोडून म्हणाले, "भाभी, सुबह का टाइम है. थोडा धीरे काटो."

त्यांना आत नेऊन पेटी दाखवली, पडदा दाखवला. माणूस दिलदार. दुसऱ्या दिवसापासून रोज दुकान उघडताना विचारायचे, "बोंबील कैसा है आज? ठीक है? चलो, अच्छा है, जीव है बेचारा." अंकल आणि ते पायरीवर बसून चहा प्यायचे. कशावर बोलायचे देव जाणे. एकाचं घराणं जाळ्यावर जगलेलं, दुसऱ्याचं मुंगी वाचवण्यावर, पण वायर आणि भांडी नीट लावलेली असावीत यावर दोघांचं पक्कं एकमत.

तर फोटोची गोष्ट. या खोट्या मशीनची एक गंमत अंकलने मला शिकवली. तिच्यात काही नवं घालायचं असेल, काही उचकायचं असेल, तर आधी तिचा फोटो काढून ठेवायचा. म्हणजे त्या क्षणी ती जशी आहे तशी पूर्ण टिपून ठेवायची. मग काही बिघडलं तर फोटोवर परत जायचं, की मशीन पुन्हा त्या क्षणात. जणू मधलं काही घडलंच नाही. मला हे इतकं आवडलं की मी दोनचारदा फोटो काढून लगेच, उगीचच मागे जाऊन आले.

"फोटो म्हंजे कॉपी न्हाय," अंकल बजावायचे. "रोज संध्याकाली दिवसाचा काम मांदेलीत टाकायचा. टाकशील ना?" मी मान हलवायचे. माझी मान त्या वयात फार सुंदर हलायची. आत मात्र काही जात नसे. मनात म्हणायचे, फोटो आहे की, मग रोज प्रत कशाला?

त्या वर्षी दुकानाचं काही खरं नव्हतं. लोक लग्नपत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले होते, शाळा प्रश्नपत्रिका स्वतःच छापायला लागल्या होत्या. मिस्टर म्हणायचे, "गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन टाक, आणि घरी बस." घरी बस हे दोन शब्द मला कधीच झेपले नाहीत. अशात अंकलने मला उत्तनच्या मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर मिळवून दिलं. साधं कॅलेंडर नव्हे. रोजच्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळा, उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, गावातल्या चर्चचे सण, कुणाच्या वाड्यातला क्रूस कधी सजतो, सगळं. नव्या वर्षी ते घराघरात दाराशी लागतं आणि माणसं ते बघून बोटीवर जातात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ही भाईंदरची बाय, तिला भरती काय ठाऊक? अंकल उभे राहिले. "भरती मना ठाऊक हाय. टायपिंग तिला ठाऊक हाय. माझ्या जबानीवर द्या." दरवर्षीचं काम होतं. हे एक कॅलेंडर वेळेवर गेलं तर दुकान राहणार होतं, आणि नाही गेलं तर माझ्या दुकानाबरोबर अंकलची जबानही जाणार होती.

गणपतीच्या आधी प्रिंटरसाठी काहीतरी घालायचं होतं म्हणून मी बोंबलाचा फोटो काढला. मग कॅलेंडरला बसले. इतकं मन लावून काम मी आयुष्यात केलं नसेल. नोव्हेंबरात सगळे महिने पुरे झाले आणि पहिली प्रूफं काढायला गेले, तर प्रिंटर ढिम्म. मला फोटो आठवला. गणपतीच्या आधी तर हा प्रिंटर छान चालत होता. मग आपण तिथेच जाऊ या.

नक्की ना? नक्की.

बोंबील उघडला. प्रिंटर चालू झाला. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन उरलेला चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि कॅलेंडर उघडायला गेले. फोल्डरच नव्हता. त्या गणपतीच्या आधीच्या जगात कॅलेंडर अजून जन्मालाच आलं नव्हतं. मांदेलीत बघितलं. मांदेली स्वच्छ, रिकामी. मी तिला काही दिलंच नव्हतं.

अंकलना फोन केला. काय बोलले आठवत नाही. शेठना माझा आवाज ऐकू गेला असणार, ते येऊन स्टुलावर बसले. "पानी पियो भाभी," एवढंच म्हणत राहिले. मी पाणी पीत राहिले. आता अंकल आल्यावर काय बोलतील याची मी मनातल्या मनात उजळणी करत होते. जहाजावरच्या माणसाच्या शिव्या काय असतात हे त्यांनीच एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

उत्तनहून बसने यायला वेळ लागतो. अंकल आले. दारात थांबले. पेटीकडे गेले नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं, मग शेठकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "जेवलीस?"

"अंकल, मशीन बघा ना आधी."

"मशीन कुठं जाते? शेठ, हिने काय खाल्ला?"

"सुबह से सिर्फ पानी."

ते बाहेर जाऊन इडल्या घेऊन आले. मला समोर बसवून खायला लावल्या. मी रडत रडत चटणी मागितली हे शेठ पुढे कित्येक वर्षं सांगत होते. इडल्या संपल्यावर अंकल बोटीजवळ गेले, हात टेकवला, पडद्यासमोर बसले, बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिले. मग चष्मा काढला.

"गेला. ह्यो परत न्हाय येनार."

मी म्हटलं, "मी स्वतः सोसायटीत येते. सांगते की माझी चूक."

"त्यांना कॅलेंडर पायजे. तुझी चूक घेऊन ते काय दाराला टांगतील?" मग म्हणाले, "आनि मी पन शाणा. तुझ्या मानेवर भरवसा ठेवला." त्याच बैठकीत त्यांनी अशी सोय केली की रोज संध्याकाळी बोंबलातलं काम आपोआप मांदेलीत जाईल, मला कुणी विचारणार नाही, मी मान हलवणार नाही. प्रिंटरची सैल वायरही त्यांना सापडली, जिच्यामुळे तो मनाला येईल तेव्हा चालायचा आणि बंद पडायचा. काढून पुन्हा जोडली. ती कुणी जोडली होती, हे विचारण्याचं त्यांनी टाळलं.

दुसऱ्या सकाळपासून ते रोज उत्तनहून यायचे. भरतीच्या आकड्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचे आणि मी टाइप करायचे. मला एकटीला जितके दिवस लागले होते त्याच्या पाव हिश्श्यात आम्ही निम्मं वर्ष पार केलं. पण गंमत त्यात नव्हती. पहिल्या वेळी मी नुसते आकडे भरले होते. आता अंकल वाचताना आकड्यांना माणसं चिकटून यायची. "ह्या उधानाला आमच्या शेजाऱ्याच्या घरात पानी शिरला, तवा त्याची सासू पलंगावर बसून रोझरी करत होती, खाली उतरली न्हाय." किंवा, "ह्यो सन मोठा कर जरा, त्या गल्लीतल्या बायका भांडतात." शेठ मधे मधे येऊन विचारायचे, "कौन सा महिना चल रहा है?" जणू कुणाला दिवस गेले होते.

नारळी पौर्णिमेनंतरच्या एका तारखेला अंकल थांबले. म्हणाले, "ह्यो दिवस जरा सावकाश टाइप कर."

"का? काही वेगळं आहे?"

"आकडा तोच. माझ्या भावाचा दिवस हाय. बोट आली, जाला आला, तो न्हाय आला." आणि लगेच पुढची तारीख वाचायला लागले. मी ते आकडे सावकाश टाइप केले. त्या चौकटीत बाकी काही लिहिलं नाही.

कॅलेंडर वेळेवर गेलं. त्या वर्षी गेलं आणि त्यानंतरही दरवर्षी गेलं. दुकान राहिलं, आता सून चालवते. मोबाइलवाला पलीकडच्या गाळ्यात गेला. मिस्टरांनी घरी बस म्हणणं सोडून दिलं आणि स्वतःच येऊन दुकानात बसायला लागले.

काही वर्षांनी ती काळी पेटी थकली. अंकलने दुसरी आणली, आणि बोंबील, सुरमई, मांदेली उचलून तिच्यात ठेवले. बोंबलाला आपली बोट बदलल्याचं कळलंसुद्धा नाही. तोच निळा पडदा, तोच "नवीन फोल्डर नवीन". तेव्हा अंकलना धाप लागायची. पेटी उचलायला मिस्टर आणि शेठ होते. अंकल खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि दोघांनी जोडलेल्या सगळ्या वायर काढायला लावून पुन्हा जोडून घेत होते.

मागच्या पावसाळ्याआधी ते गेले. मी, मिस्टर आणि शेठ, तिघं उत्तनला गेलो. शेठनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. अंकलच्या घरी दाराशी कॅलेंडर होतं, त्यांच्या पत्नीने, म्हणजे आंटीने, त्या दिवसाच्या चौकटीत पेनाने बारीक क्रूस काढला होता. परत आल्यावर शेठनी सवयीने विचारलं, "बोंबील कैसा है?" मी आत जाऊन बोटीच्या पाठीला हात टेकवला. गरम हवा येत होती. "आहे," मी म्हटलं.

सून म्हणते, आई, यंत्र चालू आहे की नाही ते पडद्यावर दिसतं, हात कशाला लावता? मी मान हलवते. अजूनही छान हलते. आणि हात लावते.

मी या माणसाकडून किती घेतलं त्याचा हिशोब होणार नाही. पण एक गोष्ट मला कळून घ्यायची होती, ती मी वेळेत विचारून घेतली, हे बरं केलं. पहिल्या वर्षीच्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आम्ही उत्तनच्या बसची वाट बघत उभे होतो. मी म्हटलं, "अंकल, रोज तुम्ही आल्या आल्या मशीनला हात लावता. त्या दिवशी एवढा घोळ झाला होता, आणि तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ओरडलाही नाहीत. का?"

अंकलने गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. बस येतेय का ते वाकून बघितलं, आणि म्हणाले,

"फोनवर तू रडत होतीस, बाय. बोट वादलातून परत आली का आमी पयली मानसा मोजतो, मग जाला बघतो. मी दारातून मोजली. तू होतीस."